अबू हैसमचा उजवा पाय

इर्बिद शहरात कुणाच्या मुलीला गाडी शिकायची असली की घरचे आधी अबू हैसमचं नाव घेत. माणूस पन्नाशी ओलांडलेला, आवाज मऊ, तोंडात साखर. चढावर गाडी बंद पडली तरी तो म्हणे, "काही नाही बेटा, पुन्हा." शिकणारीला वाटे, आपलं काही चुकलंच नाही. एवढ्या वर्षांत आपण एकीवरही आवाज चढवला नाही, हे तो स्वतःच चारचौघांत चहा पिताना सांगत असे.

त्याच रस्त्यावर अबू वस्फीचीही शिकवणी होती, आणि त्याचा मामला अगदी उलटा. त्याची गाडी भाजीबाजारातून निघाली की दुकानदार हातातला तराजू तसाच धरून त्याचं ओरडणं ऐकत. अबू हैसम म्हणे, हा शिकवत नाही, गुरं हाकतो. अबू वस्फीकडच्या मुली रडत घरी जात हे खरं. पण त्या पहिल्या फटक्यात पास होत हेही खरं, आणि हे दुसरं खरं अबू हैसमच्या चहाच्या गप्पांत कधी आलं नाही.

मग त्याच्या बायकोने, इन्तिसारने, गाडी शिकायचं मनावर घेतलं. तिची आई अजलूनच्या डोंगरातल्या गावात राही. पडल्यापासून तिने अंथरूण धरलं होतं. पूर्वी मुलगा हैसम आईला आजीकडे न्यायचा, आता तो आखातात नोकरीला. नवऱ्याच्या शिकवण्या सुट्टीच्या दिवशीच जास्त. वाटेत टॅक्सी बदलत इन्तिसार गावी पोचेपर्यंत परतायची वेळ होई. आई विचारी, "आज राहशील ना?" आणि हिला तोंड वर करून बघवत नसे.

अबू हैसमने बायकोला जीव लावून शिकवलं. त्याच्या शेजारी बसून ती सुरेख चालवी. परीक्षेत मात्र नापास झाली, पुन्हा बसली आणि पुन्हा नापास झाली. शेजारी परीक्षक आला की तिचे हातपाय गळत. दिव्याखाली अंधार, म्हणून गल्लीने मनसोक्त हसून घेतलं. अबू हैसम तिला एका शब्दाने बोलला नाही, पण चारचौघांत चहाला जायचं मात्र त्याने सोडलं.

एका संध्याकाळी इन्तिसारने चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं की उद्यापासून ती अबू वस्फीकडे शिकणार आहे.

"माझं काय चुकलं?" त्याने विचारलं.

"तुमचं कधी काही चुकतच नाही. म्हणून तर चाललेय."

तो त्या रात्री जेवला नाही. पुढे कित्येक दिवस नवराबायकोत कामापुरतंच बोलणं होतं.

एकदा सिग्नलला थांबलेला असताना त्याला शेजारच्या गाडीतून अबू वस्फीचा आवाज ऐकू आला. "अगं बाई, तो खांब आहे, तुझा दीर नव्हे. बाजूला हो म्हटलं तर सरकणार नाही तो."

"दिसतोय मला खांब," इन्तिसार तेवढ्याच जोरात म्हणाली. "तुम्ही तोंड मिटलंत तर ऐकूही येईल."

आणि दोघंही हसली. अबू हैसमच्या काळजात कळ उठली. त्याच्या गाडीत ती कधी अशी बोलली नव्हती, हसली तर मुळीच नव्हती.

ती पास झाली. अबू हैसमने अभिनंदन केलं, पण त्याला राहवेना. त्या आरडाओरड्याने तुला असं काय शिकवलं, असं त्याने विचारलंच.

"काही नाही. तो नुसता ओरडतो," ती म्हणाली. "पण सीटवर मांडी घालून बसतो हो. पहिल्याच दिवशी म्हणाला, माझ्या पायांचा भरवसा धरू नकोस." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमच्या गाडीत मी कधी थांबलेच नाही. दर वेळी तुम्हीच थांबवलीत."

शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. अबू हैसमचा उजवा पाय त्यावर इतका हलका पडे की शिकणारीला कळतही नसे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही कळत नसे. ज्या शांतपणाची इर्बिदभर कीर्ती होती, तो सगळा त्या पायात होता.

शुक्रवारी इन्तिसार एकटी गाडी घेऊन आईकडे गेली. संध्याकाळी फोन आला: ती राहणार होती.

दुसऱ्या दिवशी रनीम आली. औषधांच्या दुकानात कामाला असलेली ही गुणी मुलगी उन्हाळ्यापासून त्याच्याकडे शिकत होती. अबू हैसम शेजारी बसला, त्याने चपला काढल्या आणि दोन्ही पाय सीटवर घेतले. रनीमने चमकून पाहिलं. चल म्हणून त्याने मान हलवली.

बाजाराच्या वळणावर टरबुजांची हातगाडी आडवी आली. रनीमने सवयीप्रमाणे काहीच केलं नाही. अबू हैसमच्या कपाळावर घाम फुटला, पण पाय त्याने खाली सोडला नाही.

"ब्रेक दाब, गाढवे!" तो किंचाळला.

दुकानदारांनी माना वळवल्या. गाडी हातगाडीपासून वीतभर अंतरावर गचकन उभी राहिली होती. रनीमचे डोळे भरून आले होते. तिने खाली वाकून आधी त्याच्या आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "ही मी थांबवली?"