दृष्ट नव्हती ती

आक्का गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी सूसच्या फ्लॅटमध्ये सकाळचे डबे भरत होते. 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि डबे भरतच राहिले. त्याला आता पाच आठवडे झाले. अजून कशात मन लागत नाही. हातातलं काम टाकून उठते, गॅलरीत जाते, परत येते... हे नुसतं दुःख नाही, यात माझा अपराधही आहे.

२००३ साली नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि लातूर सोडून आम्ही पिरंगुटजवळच्या चांद्यात आक्कांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. आक्का शेतकरी घरातल्या, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी माझी भाजी चाखून, यात मीठ घालायचं ठरलं नव्हतं का, असं विचारलं होतं. आमची मुग्धा तेव्हा सात वर्षांची. शाळेची गाडी यायची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं, हात गार पडायचे, खाल्लेलं उलटून पडायचं. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लाड कमी करा. नवरा म्हणाला, नाटकं आहेत. सासूबाईंनी कुलदैवताची आठवण करून दिली. शेवटी पिरंगुटच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. चांगली एम.एस्सी. झालेली मी, पण ती चिठ्ठी आठ महिने साड्यांच्या घडीत दडवून ठेवली. तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर? उद्या लग्न ठरताना कुणी हे उकरून काढलं तर? सात वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी करत होते मी, आणि पोर रोज सकाळी मोरीत वाकलेली असायची.

एका संध्याकाळी आक्कांनी मुग्धाला चुलीपुढं बसवून मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, असं मानतात. आम्हाला तिघींनाही असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. आता हे सोडून दुसरा तोडगा निघणार, असं मी मनात धरून होते. आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दृष्ट न्हाई ही. पोर भ्यालीया. ह्याचा डागदर असंल की कुटंतरी."

डॉक्टर आहेत, मी म्हणाले, पण लोक वेडी म्हणतील.

आक्कांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माझी यमुना अशीच भ्यायची. आमी समदे देव केले. डागदर तेवढा न्हाई केला."

यमुना म्हणजे त्यांची थोरली लेक, नांदायला जाऊन दोन महिन्यांत परत आलेली. ती मागच्या खोलीतून क्वचितच बाहेर यायची. वर्षभर मी तिला लाजाळू समजत होते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही पुण्याला निघालो. आक्का सोबत आल्या, आणि बसच्या थांब्यावर भेटेल त्याला सांगत सुटल्या, की पोरीच्या भीतीवर औषध आणायला चाललोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढं दीड वर्षात मुग्धा आपली आपण शाळेत जायला लागली, आम्ही सूसला आलो, जाणं-येणं कमी झालं. तुमच्यामुळं झालं हे, एवढं म्हणायचं राहूनच गेलं. आणि त्याहून जास्त टोचतं ते हे, की यमुनाताईंचं काय, असं मी एकदाही विचारलं नाही. माझं भागलं होतं ना.

मागच्या रविवारी मुग्धाला घेऊन चांद्याला गेले. यमुनाताईंना डॉक्टरांकडं नेऊ का, असं विचारलं तर सून म्हणाली, आता चाळिशीत कसला डॉक्टर, घरात कोण ऐकणार. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी आक्कांचं पोतं अजून अंथरलेलं होतं. आल्यागेल्याशी त्या तिथंच बसून बोलायच्या, म्हणजे आत कुणी शिरत नसे. तेव्हा मला तो आडमुठेपणा वाटायचा. मी त्या पोत्यावर बसले आणि यमुनाताईंना विचारलं, माझ्याबरोबर पुण्याला याल का?

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तितं लई मानसं असत्यात का?"

तेरा वर्षांची मुग्धा माझ्या मागून म्हणाली, "असतात. पण सगळी खाली बघून बसतात. आपणही तसंच बसायचं."