मामाची पडायची नोकरी

माझा मामा मानसशास्त्र विभागात शिपाई होता. खुर्च्या मांडायच्या, स्टॉपवॉच तपासायचं आणि प्राध्यापकबाईंनी खूण केली की कण्हायचं. प्रयोगशाळेच्या एका खोलीत कुणाला तरी बसवत, शेजारच्या खोलीत मामा विव्हळे, आणि मदतीला कोण किती वेळात उठतं ते मोजत. खोली तीच, दिवा तोच, कण्हणंही तेच. त्यामुळे कशामुळे काय झालं ते नेमकं कळे. पण आपल्यावर कुणाची तरी नजर आहे हे त्या माणसांना पक्कं ठाऊक. मग काय, जो तो देवमाणूस व्हायचा.

म्हणून बाईंनी प्रयोग रस्त्यावर नेला. मामानं रोज वेगळ्या फुटपाथवर कोसळायचं आणि समोर एक विद्यार्थिनी वही घेऊन बसणार. रस्त्यावर माणसं खरी वागतात, पण कोण कधी येईल हे बाईंच्या हातात नसतं आणि येणाऱ्याला कुणी आधी विचारलेलंही नसतं. नियम एकच: काहीही झालं तरी दोन मिनिटं डोळे उघडायचे नाहीत, नाहीतर ती पाळी बाद. लोक पडून हाडं मोडून घेतात, मी पडून पगार घेतो, असं मामा फुशारकीनं सांगे.

हे फक्त माझ्या आईला माहीत नव्हतं. ती त्याची थोरली बहीण. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मामानं तिला खुर्च्यांपलीकडचं काही सांगितलं नाही. मीही मूग गिळून गप्प राहिले, आणि त्याबद्दल माझा मलाच अजून राग येतो.

त्या दिवशी आईच्या गोळ्या संपल्या. जवळचं दुकान बंद होतं, म्हणून ती दोन चौक पुढे गेली. तिथेच मामा पडला होता.

पुढचं मामानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. गाल फरशीला टेकलेला, आणि डोक्यावर आईचा आवाज.

"बाळ, अरे डोळे उघड."

ताई इथे कशाला येईल, दुसरीच कुणी असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मग कपाळावर हात आला आणि तो हात त्यानं ओळखला. तरी डोळे मिटलेलेच. पाळी बाद होईल, बाई बोलतील, आणि उठून ताईला सांगायचं तरी काय? भीतीनं त्याचं अंग लाकूड झालं होतं. आईला धाप लागली, हात घसरला आणि शेजारी काहीतरी धपकन पडलं. तेव्हा कुठे मामानं डोळे उघडले आणि 'ताई!' म्हणून तो ओरडत उठला. त्याच्याकडे इतका वेळ नुसता बघत बसलेला, फुटपाथवर घड्याळं विकणारा माणूस आईसाठी मात्र धावत आला होता.

आई वाचली. आठ दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. त्यातच ती विद्यार्थिनी रडत आली आणि वही माझ्या हातात देऊन गेली. आपण न घडवता आपोआप घडलेलं काही दिसलं, तर ते टिपून ठेवा, अशी बाईंची शिकवण होती. त्यात बनाव नसतो, फक्त ते पुन्हा करून बघता येत नाही. मुलीनं तेही टिपलं होतं. 'वयस्कर स्त्री, खरोखर कोसळली. पहिली मदत चार सेकंदांत.' त्याच्या वरच्या ओळीवर काट मारली होती. 'पाळी बाद. बहिणीच्या हाकेपासून उठेपर्यंत एकेचाळीस सेकंद.'

घरी आल्यावर आईनं मामाला जवळ बसवलं.

"मी हाक मारली, ती ऐकू आली नाही का रे तुला?"

"नाही ताई. आली असती तर लगेच उठलो नसतो का?"

"मग माझाच आवाज बारीक झाला असेल," आई म्हणाली आणि तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. मामानं डोळे मिटून घेतले. वही माझ्या पिशवीत होती.