तंतूवरचा भार

यंत्राला काय झालंय, तेच मला कळेना. दसऱ्याला घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले, धाराशिवच्या कॉलेजातली माझी प्रयोगशाळा उघडली, तर पडद्यावरचा आकडा भलतीकडंच. शिवाय रोज थोडाथोडा मागं सरकणारा. अरे, बिघडायचं तर एकदाच बिघड की!

माझा सगळा जीव एका केसाएवढ्या काचेच्या तंतूत अडकलेला. दोन टोकांना आरसे, मधे प्रकाशाच्या येरझाऱ्या. या तंतूत उभा डोलणारा प्रकाश आणि आडवा डोलणारा प्रकाश निरनिराळ्या चालीनं धावतात. बाजूनं भार पडला की त्या चालींमधला फरक बदलतो आणि आकडा हलतो. भार ओळखायचं यंत्र ते. पण मी तर कसलाच भार ठेवला नव्हता. पुण्याचे माझे गाइड फोनवर म्हणाले, दिवाळीपर्यंत आकडा स्थिर झाला नाही तर हा विषय सोडून द्या. म्हणजे माझी पीएचडी पाण्यात.

मी उकाड्याला दोष दिला, लाइटीला दिला, रस्त्यावरच्या ट्रकांना शिव्या घातल्या. वाऱ्यानंही आकडा हलतो म्हणून तंतूवरचं झाकण तेवढं उघडत नव्हते. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी खोली झाडणाऱ्या तुळजापूरच्या मावशींवर घसरले, कशाला हात लावलात का म्हणून. त्यांनी हातातली केरसुणी भिंतीला टेकवली.

मग हळूच म्हणाल्या, "खंडेनवमीला समद्या यंत्रांची पूजा केली, मॅडम. तुमचंच एकटं कसं सोडावं?"

आमच्या घरी खंडेनवमी नसते, माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हळदकुंकू दिसलं तर मी ओरडेन म्हणून मावशींनी नुसता झेंडू वाहिला होता, तोही झाकणाच्या आत. झाकण उचललं. तंतूवर टपोरं फूल, वाळून चिपाड झालेलं. ते रोज वाळत होतं, हलकं होत होतं, आणि आकडा तेच सांगत होता.

रागवावं की पाया पडावं, समजेना. मावशींना आवारातलं ताजं फूल आणायला लावलं, त्यांच्याच हातानं तंतूवर ठेवायला सांगितलं. आकडा टुणकन उडाला.

"परत बिघडलं का वं?"

"न्हाय मावशी. लई चांगलं चाललंय."

गाइडना फोन लावला. सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. "सर, झेंडू..." एवढंच म्हणाले आणि मला रडू फुटलं.