काल डब्यात काय होतं?

चेन्नईत, मैलापूरला माझं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं छोटं ऑफिस आहे. माणसं दोनच. मी, साताऱ्याहून आलेला, आणि तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या अक्का. फोन, मेल, ड्रॉइंग सगळं अक्काच सांभाळतात; माझा दुपारचा डबाही त्याच आणतात. मालक मी आहे, याची त्यांना अधूनमधून आठवण करून द्यावी लागते.

मागे एकदा त्यांना माझा फोन आला. हुबेहूब माझा आवाज, माझीच घाई, आणि ऑफिसच्या मेलचा ओटीपी हवा. अक्का आकडे सांगणार, तेवढ्यात आतल्या केबिनमध्ये मी शिंकलो. त्यांनी फोन ठेवला, आत येऊन मला नीट न्याहाळलं आणि माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायल्या. नंतर आम्ही पोट धरून हसलो, पण धास्ती बसली ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी नियम केला. अनोळखी नंबरवरून कुणीही, अगदी मीसुद्धा, काही मागितलं, तर आदल्या दिवशी त्यांनी मला डब्यात काय दिलं होतं ते आधी सांगायचं.

"आवाज चोरतां येतो, सार," त्या म्हणाल्या; 'सर'चा त्यांच्या तोंडी 'सार' होतो. "जेवण कसें चोरतील?"

नियम झकास होता. अडचण एकच होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. अक्कांच्या हातची चिंच मला सोसत नाही. रोज दुपारी पाय मोकळे करायच्या निमित्ताने मी डबा खाली नेतो, वॉचमनला देतो आणि धुतलेला डबा 'छान झालं होतं' म्हणून परत करतो. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग एक दिवस शहराबाहेर ओरगडमला साइटवर माझा फोन पाण्याच्या पिंपात पडला. समोर फूटिंगचं, म्हणजे पायाचं, काँक्रीट ओतायची तयारी चाललेली, आणि मिस्त्रीच्या हातात जुनं ड्रॉइंग, सळया कमी असलेलं. सुधारलेलं ड्रॉइंग माझ्या मेलमध्ये. काँट्रॅक्टरच्या कॉम्प्युटरवर मेल उघडायला गेलो, तर ओटीपी ऑफिसच्या फोनवर. काँट्रॅक्टरच्याच फोनवरून अक्कांना गाठलं.

"काल डब्यांत काय होतें?"

मी ठोकून दिलं, "आंबट भाजी. छान झाली होती."

"मग तुम्ही माझे सार नव्हेत. ठेवतें."

बाहेर मिक्सर सुरू झाला.

"अक्का, थांबा. मला माहीत नाही. डबा मी वॉचमनला देतो. पहिल्यापासून. चिंच सोसत नाही मला."

मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मग अक्कांनी संथपणे सहा आकडे वाचून दाखवले. मिक्सर थांबवला, ड्रॉइंग निघालं, सळया वाढल्या.

संध्याकाळी ऑफिसात विचारलं, "खात्री कशी पटली?"

"वॉचमननें केव्हांच सांगितलें होतें. तें चोराला कुठून ठाऊक? तो छान होतें म्हणतच राहिला असता."

"मग डबा आणत का राहिलात?"

"तो आवडीनें जेवतो की," अक्का म्हणाल्या. "आणि तुम्हीं रोज छान म्हणतां, तें मला आवडतें."

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन डबे होते, एक वॉचमनचा, एक माझा. माझ्या डब्यातला दहीभात मी बोटं चाटून संपवला.