दगडाखालचं ते दुसऱ्याचं

उरणकडे येसाजीचं नाव निघालं की ट्रेलरवाले आधी डिझेलची टाकी तपासायचे. खोटं कशाला बोला, गडी होताच तसा! उभ्या ट्रेलरला नळी लावायची, तोंडाने ओढायचं आणि कॅन भरला की पसार. "सगळेच चोरतात, माझ्या दोन घोटांनी बंदर बुडतंय व्हय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेवटी पकडला गेला, तुरुंगात गेला आणि तिथे कैद्यांना वाईट वाट सोडायला शिकवणाऱ्या मृणालताईंच्या वर्गात बसला.

ताई एका संस्थेच्या. वर्ग सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्या तीच एक चाचणी घ्यायच्या. त्या वाक्य वाचणार, पटतं की नाही ते समोरच्याने सांगायचं; त्यावरून माणूस पुन्हा त्याच वाटेला लागेल का, याचा अंदाज बांधायचा. येसाजी सुटल्यावर शेवटची चाचणी ठरली. ती बरी गेली तर संस्था दयारामशेठच्या ट्रक-यार्डात नोकरीसाठी शब्द टाकणार होती. त्याची बायको गोदावरी तर देव पाण्यात घालून बसली होती. बाप काय करतो, हे पोरीला शाळेत मान वर करून सांगता यायला हवं होतं.

कुठे काय म्हटलं की गुण मिळतात, हे येसाजीला पाठ होतं. पण खोटं बोलून बोलून तो विटला होता. चाचणीच्या दिवशी ताई एकेक वाक्य वाचू लागल्या.

"सगळेच चोरतात, मग मी चोरलं तर काय बिघडलं?"

"न्हाय पटत."

"सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याची."

"व्हय, पटतं!" गडी छाती पुढे काढून म्हणाला.

ताईंचा चेहरा पडला. एवढं शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

"असं का म्हणता, येसाजी?"

"ताई, भरतीनं ओंडका टाकला तर तो आधी बघणाऱ्याचा. आमच्याकडं खाडीकाठी तसंच हाय. त्यानं वर दगड ठेवायचा नि दोर आणायला घरी जायचं. दगड दिसला की कोण हात लावत न्हाय, ते दुसऱ्याचं झालं. मी डिझेल चोरलं, पण दगडाखालचं लाकूड? देवाशपथ, कधी न्हाय!" आणि बोलता बोलता तोच थबकला. "ट्रेलरवर दगड नव्हता ना ताई. कुणाचंच न्हाय, असं वाटायचं. तिथंच चुकलो."

नियम तो नियम. उत्तर काही बदलता येत नव्हतं. गुण गेले आणि येसाजी काठावर अडकला. पण ताई हटल्या नाहीत. त्याला घेऊन थेट यार्डात गेल्या आणि गेलेल्या गुणांसकट सगळं सांगून टाकलं.

दयारामशेठ खाडीकाठचेच. ते उठले, दारातला दगड उचलला आणि डिझेलच्या पिंपावर नेऊन ठेवला. "हे माझं," ते म्हणाले आणि चावी पुढे केली. "राखायचं तू."

येसाजीला भरून आलं. त्याने डोळे पुसले, दगड उचलून खाली ठेवला आणि मग चावी घेतली.

"ऱ्हाऊ दे, शेठ. दगड नसला तरी कुणाचं हाय ते आता कळतं मला."