बावीस दिवे आणि तीन शब्द

टेस्टर हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करताना शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, अगदी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. नाव चिकटलं ते चिकटलंच. कुठल्या वायरीत करंट आहे आणि कुठल्या नाही, हे तो नुसत्या अंदाजाने सांगे. फक्त मोठ्या भावासमोर त्याची बोबडी वळे. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी दादा दुकानात शिरला की हा हातातला चहा खाली ठेवून उभा राहायचा.

दादाचा धंदा लग्नाच्या हॉलवर खुर्च्या-टेबलं पोचवण्याचा. पुढे पिकअप, मागे लांबलचक ट्रेलर. हॉलच्या मागच्या अरुंद, अंधाऱ्या बोळात तो ट्रेलर रिव्हर्स घेण्यात दादाचा हात धरणारा कोणी नव्हता. मागे वहिनी उभी राहायची आणि हात हलवत ओरडायची, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" लग्न झाल्यापासून दोघांचं हे असंच चाललं होतं.

एका सकाळी वहिनी एकटीच दुकानात आली.

"भाऊजी, यांना दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"मी."

टेस्टरने पक्कड खाली ठेवली.

"परवा मी दोन्ही हात वर करून उभी, आणि हे आपले येतायत. किंचाळले म्हणून वाचले. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. म्हणे डोळे ठणठणीत आहेत, ट्रेलरचे दिवेच मंद आहेत. तुम्ही सांगा हो. नाहीतर एक दिवस ट्रेलर आणि भिंत यांच्यामध्ये सापडेन मी."

"आजच सांगतो," टेस्टर म्हणाला. सांगायचं होतं तीन शब्दांत: दादा, डोळे दाखव.

संध्याकाळी दादा आला. टेस्टरने घसा खाकरला.

"काय रे?"

"काही नाही. दिवे मंद आहेत म्हणे."

"मी तरी दुसरं काय सांगतोय!" दादा खूश झाला, आणि ट्रेलरला मागे दोन जादा दिवे लागले.

आता काम म्हणाल तर त्याने चोख केलं. रिव्हर्सच्या बारीक वायरीवर भार नको म्हणून वेगळा रिले, वेगळा फ्यूज, वायरीवर पाईप. या माणसाच्या कामात खोट काढून दाखवावी कुणी. पण नेमका जिथे बोलायचं तिथे त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि याचा मला अजून राग येतो.

आठवड्याने दादा परत. "बरं झालं, पण अजून थोडा उजेड हवा." टेस्टरने आणखी चार लावले. मग माल उतरवताना दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन वर्क लाईट. त्यांची वायर जोडताना मनात तेच तीन शब्द घोळत होते, त्यामुळे हात चुकला आणि करंट उलटा रिव्हर्सच्या वायरीत शिरला. हॉलवर वर्क लाईट लावले की उभी गाडी मागे येत असल्यासारखी पीं पीं करायची. हमाल खुर्च्या टाकून पळाले. एक गृहस्थ तर टेबलावर चढले आणि गाडी हलत नाही हे तिघांनी समजावून सांगेपर्यंत उतरले नाहीत. टेस्टरने मुकाट्याने करंट उलटा जाऊ न देणारा एक डायोड टाकला.

बारा दिव्यांवरून सोळा झाले. पिकअपची बॅटरी बसायला लागली, म्हणून ट्रेलरवर वेगळ्या दोन बॅटऱ्या बसवल्या. वीस झाले तेव्हा बॅटऱ्याही पुरेनात, म्हणून जनरेटर आला. जनरेटरला जागा हवी, त्याच्या डिझेलला जागा हवी, आणि मग खुर्च्यांनाच जागा उरेना. दीडशे खुर्च्या नेणारा ट्रेलर आता अठरा न्यायचा. बाकी सगळा भार त्या अठरा खुर्च्या नीट मागे घेता याव्यात म्हणून लागणाऱ्या उजेडाचा. हॉलवाल्याने विचारलं, पाहुण्यांनी पाळीपाळीने बसायचं का? दुकानासमोरच्या शिंप्याने मात्र त्या उजेडासाठी मशीन खिडकीशी ओढलं आणि टेस्टरला विचारलं, "तुमच्या दादांना दिसत नाही वाटतं? असू दे, मला झकास दिसतंय."

आणि टेस्टर? तो रोज दुकान बंद करून बॅटरीसमोर उभा राही आणि म्हणे, "दादा, डोळे दाखव." बॅटरीला पटायचं.

मग एक दिवस वहिनी लंगडत आली. अंगठ्याला जाड बँडेज. चाक घासून गेलं होतं. तिने टेस्टरला एका शब्दाने बोल लावला नाही. ट्रेलरभोवती फिरून तिने फक्त दिवे मोजले. बावीस भरले. टेस्टरला इतकी लाज वाटली की त्याला तिच्याकडे बघवेना.

"आज मागे मी उभा राहतो," तो म्हणाला.

भर दुपार होती. दुकानाच्या मोकळ्या अंगणात लख्ख ऊन, त्यात जनरेटर धडधडतोय, बावीस दिवे पेटलेले. टेस्टर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आज बास म्हणायचंच नाही, दादाला दिसतं का ते बघायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"येऊ दे!" तो ओरडला आणि गप्प बसला.

ट्रेलर आला. त्याने हात हलवले. ट्रेलर येतच राहिला. तो जागच्या जागी उड्या मारायला लागला. बावीस दिव्यांच्या झळा तोंडावर यायला लागल्या, मागचा फाळका छातीपासून हातभर उरला, मग वीतभर. टेस्टरची पाचावर धारण बसली. बास म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच.

"दादा, डोळे दाखव!"

ब्रेक लागला. जनरेटर बंद झाला. दादा खाली उतरला आणि ट्रेलरची कड हाताने चाचपत मागे आला.

"काय म्हणालास?"

फाळका आणि भिंत यांच्यामधून टेस्टर कसाबसा बाहेर निघाला. "डोळे दाखव म्हणालो. तुला मी दिसलो नाही."

दादाने ट्रेलरच्या कडेवरचा हात काढला. आता हा हात उगारणार, असं टेस्टरला वाटलं.

"दोन वर्षं झाली," दादा म्हणाला. "मी तिच्या आवाजावर गाडी घेतो. तिला सांगू नकोस, घाबरेल."

"तिनेच मला सांगितलं."

"आणि कुणाला माहीत आहे?"

"समोरच्या शिंप्याला. हमालांना. सगळ्यांनाच."

"मग मी एवढं लपवत होतो ते कुणापासून?"

दादाने खिशातून पिकअपची किल्ली काढली. आजवर ती त्याने कुणाच्या हातात दिली नव्हती. "घे," म्हणून त्याने ती पुढे केली, टेस्टरच्या हातापासून चांगली वीतभर बाजूला.

टेस्टरने हळूच हात सरकवला आणि तिच्याखाली धरला.