पर्चेसच्या टेबलावरचा बर्फ

डबा खायला बसलो की आमच्या टेबलावर माझ्या बर्फाचा एक तरी किस्सा निघतोच. मी एखादा विसरले असले तर बाकीचे आठवण करून देतात, आणि ज्यानं तो पाहिलेलाच नाही तो सगळ्यात रंगवून सांगतो. म्हणून म्हटलं, आता मीच सांगते.

घोटावड्याला प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी पर्चेसला आहे. घर पौडला. मध्यंतरी मला बर्फ चावायचं वेड लागलं. सरबतात घालून वगैरे नव्हे, नुसता. त्याच सुमारास पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात चढताना धाप लागायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मनातून मी चांगलीच घाबरले होते. पण ऑफिसात काय आणि घरी काय, चर्चा एकच होती: आवाज फार होतो.

*

पुण्याच्या एका कस्टमरबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. माझा माइक चालू राहिला आणि तोंडात बर्फ. तिकडचे गृहस्थ अदबीनं म्हणाले, "तुमच्याकडे काही फुटतंय का?"

आमचे मॅनेजर जोशीसाहेब जराही न अडखळता म्हणाले, "ग्राइंडरचं मेंटेनन्स चालू आहे."

झालं, तेव्हापासून ऑफिसात माझं नाव ग्राइंडर. साहेबांच्या हजरजबाबीपणाचं कौतुक आठवडाभर पुरलं. त्याच आठवड्यात मी दोनदा जिन्यात मध्येच बसले होते, ते मात्र कुणाच्या नजरेला आलं नाही. लोक बाजूनं वाट काढून वर जात होते.

*

सल्ले देण्याचं काम सुपरवायझर राऊतांकडे. मूळचे यवतमाळचे, आणि दुसऱ्याच्या तब्येतीविषयी अतिशय जागरूक.

"मॅडम, बर्फ लय खराब राहते जी. दात जाते, घसा जाते, पोट जाते."

एवढं सांगताना मध्येच थांबून ते खिडकीबाहेर थुंकून यायचे. तोंडात गुटखा असला की माणसाला कळकळ नीट व्यक्त करता येत नाही.

एकदा मी विचारलंच, "राऊत, आणि हे काय?"

"हे सवय आहे जी," ते म्हणाले. "तुमचं व्यसन आहे."

*

मग एचआरच्या पल्लवीनं फ्रिजवर छापील सूचना चिकटवली: 'बर्फ फक्त प्रथमोपचारासाठी.' मी तिला खरं तेच सांगितलं, "अगं, मला चक्कर येते."

"चक्कर आली की गोड खायचं असतं, मॅडम." तिनं मला एक चॉकलेट दिलं आणि बर्फाचा ट्रे स्वतःच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. तिथे त्याचं अर्थातच पाणी झालं. पण नियमाचं पालन झालं, हे महत्त्वाचं.

*

घरी सासूबाई होत्या. "बरफानं रगत गोठतंय. आमच्या येळंला कुटं हुता बरफ? मेलो का आमी?"

त्यांनी फ्रीजरमधली ट्रेची जागा धरणातल्या मासळीच्या पिशव्यांना देऊन टाकली. ट्रे त्याच पिशव्यांवर कसाबसा बसवायचा. दोन दिवसांत बर्फाला मासळीचा वास मारायला लागला. नवरा खूश, आता हिचा बर्फ सुटला म्हणून.

मी तोही खाल्ला. त्या दिवशी मात्र नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

*

शेवटी दाढेचा तुकडा पडला. पौडच्या दातांच्या डॉक्टरांनी आत डोकावून विचारलं, "सुपारी?"

"बर्फ," मी म्हटलं. "डॉक्टर, बर्फ चावणं तब्येतीला वाईट असतं का हो?"

"दातांना वाईट. मला बरं."

दाढ भरता भरता त्यांनी सहज विचारलं, "पण इतका खावासा का वाटतो? थकवा येतो? जिना चढताना धाप लागते?"

हे विचारणारा तो पहिला माणूस. माझं तोंड उघडं, आत कापूस, बोलता येईना. मला रडूच आलं. त्यांना वाटलं इंजेक्शन उतरलं, म्हणून अजून एक दिलं. जाताना मात्र म्हणाले, "रक्त तपासून घ्या. उद्याच."

*

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तर सासूबाईही निघाल्या. सोबत म्हणून नव्हे, तक्रार करायला. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत मी, बाजूच्या बाकावर त्या, काहीतरी चघळत.

"डाक्टर, हिला जरा दमात घ्या. दिसभर बरफ खाती. बाईमानसाला शोभतंय का हे?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, हा हट्ट नाही, आजार आहे. अंगातलं लोह कमी झालं की असं होतं. गोळ्या देतो, बर्फ खाणं आपोआप सुटेल. लोह कशानं कमी झालं, तेही शोधू."

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना मात्र हे अजिबात पटलं नाही.

"लोखंड कमी पडलं तर मानूस बरफ कशाला खाईल?"

"बर्फच असं नाही. कुणी माती खातं, कुणी खडू, कुणी कच्चे तांदूळ."

सासूबाईंचा चालता जबडा थांबला.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मला खुर्चीतून उठवलं, त्यांना तिथे बसवलं आणि त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक.

"आजी, तोंडात काय आहे?"

सासूबाईंनी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

"इंद्रायणी तांदूळ हाय," त्या म्हणाल्या. "घरचा. इकतचा न्हाई."